आधी दगड, मग राजे

वर्षातून एखादी एकदिवसीय सहल काढण्याचा प्रघात आपल्या वैद्यकीय मंडळींत आता चांगलाच रुळला आहे. दुबलगुंडी-हुमनाबादकडील मंडळी सहलीचा विचार करू लागली की बिदरचे नाव आपसूक पुढे येते. मार्गदर्शकाचा क्रमही ठरलेला असतो : किल्ला, महमूद गवानाचा मदरसा, अष्टूरचे मकबरे, गुरुद्वाऱ्यातील लंगर आणि अंधार पडण्यापूर्वी परत. बहामनी आणि बरीदशाही या दोन राजवटी सात-आठ तासांत कानांवरून जातात. सनावळी तर किल्ल्याच्या पायऱ्या उतरतानाच विसरली जाते. आमच्या मते हा क्रम उलटा करावयास हवा. आधी दगड दाखवावा, मग राजे.

बिदरचे पठार वरून तांबडे आणि आतून काळे आहे. जिल्ह्यातील काळी जमीन ज्या फत्तरापासून झाली, तोच दख्खनचा काळा फत्तर येथेही पायाशी आहे. लक्षावधी वर्षांच्या ऊन-पावसाने त्याचा वरचा थर कुजला, त्यातील विद्राव्य द्रव्ये वाहून गेली, लोह तेवढे मागे उरले आणि मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र जांभा तयार झाला. कोकणात ज्याचे चिरे काढतात तोच हा दगड. ताजा असताना तो सहज कापता येतो आणि हवा लागली की कठीण होतो. त्याला 'लॅटेराइट' हे शास्त्रीय नाव १८०७ साली देणारा फ्रान्सिस ब्युकॅनन हा पेशाने डॉक्टर होता, ही गोष्ट आपल्या मंडळींना सुखावणारी आहे. मलबारात लोक या दगडाच्या विटा पाडतात हे पाहून त्याने विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून हे नाव घेतले.

एवढे समजले की किल्ल्याचा तिहेरी खंदक निराळा दिसू लागतो. तो बांधलेला नाही, अखंड खडकातून कोरलेला आहे. मधल्या भिंती म्हणजे न कोरता राखलेला मूळ खडकच.

परंतु खरे आश्चर्य जमिनीखाली आहे. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि आडवे वाहू लागते. इराणातील कनात बांधणीचे ज्ञान असलेल्या कारागिरांनी बहामनी काळात नेमका याचाच उपयोग केला. नौबादजवळ त्यांनी खडकातून बोगदा खोदला, त्याला अतिशय सौम्य उतार दिला आणि ठरावीक अंतरावर वर उघडणारी विवरे ठेवली. हीच 'सुरंग बावी' अथवा करेझ. तिची लांबी तीन किलोमीटरांच्या आसपास आहे. पंप नाही, रहाट नाही. पाणी आपल्या वजनाने चालते. शहर वाढत गेले तशी तिची काही विवरे बुजली, काहींवर बांधकामे झाली आणि गेल्या दशकात भूगोलाचे अभ्यासक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी शोध घेऊन लक्ष वेधेपर्यंत ही व्यवस्था जवळजवळ विस्मृतीत गेली होती. पुढे काही भागाची साफसफाई झाली. २०२० साली दख्खनच्या ऐतिहासिक जलव्यवस्थांचा समावेश 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड'च्या निरीक्षण-सूचीतही झाला.

येथे आपला, डॉक्टरांचा, संबंध येतो. जो दगड पाणी आत घेतो तो मैलाही आत घेतो. जांभ्याच्या पठारावर घराशेजारी शोषखड्डा आणि त्याला लागून विंधनविहीर असेल, तर दोहोंमधील अंतर कागदावर कितीही दिसो, खडकाच्या पोकळ्यांतून ते फारसे उरत नाही. कावीळ आणि विषमज्वराच्या रुग्णांना आपण पाणी उकळण्यास सांगतो. ते कोणत्या खडकातून आले हे क्वचितच विचारतो. करेझचे एखादे विवर राडारोड्याने भरले जाते तेव्हा केवळ पुरातत्त्वाची हानी होत नाही. पावसाचे पाणी मुरण्याची आणि वाहण्याची एक वाट बंद होते. हे सांगणारा मार्गदर्शक अजून आमच्या पाहण्यात नाही. राण्यांच्या आख्यायिका मात्र मुखोद्गत असतात!

झरणी नरसिंहाचे मंदिर हे याच दगडाचे देवरूप. जांभ्यातील बोगद्यात छातीइतक्या पाण्यातून चालत दर्शनास जावे लागते. श्रद्धा आपल्या जागी. पण आतील हवा कोंदट असते, वटवाघळांचा वावर असतो, तेव्हा दमा आणि हृदयविकार असणाऱ्या सहप्रवाशांना बाहेर बसविण्याचे काम बरोबरच्या डॉक्टरांनी संकोच न करता करावे.

दुपारी बिदरी कारागिराकडे अर्धा तास द्यावा. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची कलाकुसर होते आणि शेवटी नवसागर व किल्ल्यातील जुनी माती यांच्या द्रावणात वस्तू काळीभोर होते, चांदी मात्र उजळच राहते. माती योग्य आहे की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. (आपण हा प्रयोग करू नये.) या कलेला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री.

वेळ पुरत नसेल तर मदरसा पुढच्या वर्षावर टाकावा, अष्टूरही टाकावे; नौबाद टाकू नये. सहल पावसाळा संपताच, ऑक्टोबरात काढावी, म्हणजे पाणी वाहते दिसेल. मार्गदर्शक ठरवितानाच विवरांपाशी थांबण्याची अट घालावी आणि त्याबद्दल चार पैसे अधिक मागितले तर ते द्यावेत. परतीच्या वाटेवर हुमनाबादजवळच्या जलसंगीला उजेड असेपर्यंत पोहोचता आले, तर चालुक्यकालीन मंदिराच्या भिंतीवर विक्रमादित्याची प्रशस्ती लिहीत उभी असलेली शासनसुंदरीही पाहून घ्यावी.