शिपायाला विचारा, ठाणेदारालाही विचारा

नऊ महिन्यांचं प्रशिक्षण संपतं, दीक्षांत संचलन होतं, आईवडील मुलाच्या डोक्यावरची टोपी सरळ करून फोटो काढतात आणि नवा पोलीस शिपाई आपल्या जिल्ह्यात रुजू होतो. तो चांगला तयार झाला की नाही, याचा निकाल त्या दिवशीच लागला असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं आहे की तो निकाल वर्षभरानं, ठाण्यात लागला पाहिजे. अकोल्याच्या गडंकी केंद्रातून किंवा राज्यातल्या कुठल्याही केंद्रातून बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीला विचारावं की शिकलेलं काय कामी आलं आणि काय शिकायचं राहून गेलं. ज्यांच्या हाताखाली ती मुलं काम करतात, त्या ठाणेदारांनाही हेच प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो परीक्षेच्या नावानं. आंतरवर्गाची लेखी परीक्षा आहे, बाह्यवर्गाची चाचणी आहे, मग पुन्हा विचारायचं कशाला? डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकानं १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याला ते कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर त्याचं वागणं बदललं का आणि त्यातून शेवटी काय साधलं. परीक्षा दुसऱ्या पायरीवर थांबते. जनतेचा संबंध येतो तो तिसऱ्या आणि चौथ्या पायरीशी.

एक उदाहरण घ्या. वऱ्हाडात शेतकरी आत्महत्या झाली की ठाण्यात आकस्मिक मृत्यूचा मर्ग दाखल होतो आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे मरणोत्तर पंचनामा होतो. जमादारासोबत नवा शिपाई शेतात जातो. धुऱ्यावर कीटकनाशकाचा डबा पडलेला असतो, बायाबापड्या रडत असतात, पंच म्हणून उभं राहायला कोणी तयार नसतं. डबा कुठे होता, झाकण कुठे होतं, अंगावर काय खुणा होत्या, कोण काय म्हणालं, हे सगळं त्या घाईत लिहायचं असतं. एखाद्या शेजाऱ्याचं ऐकून ‘दारूच्या नशेत’ असे दोन शब्द कागदावर गेले, तर तो कागद पुढे त्या घराच्या आड येऊ शकतो. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. आणि ती मिळणार की नाही हे ठरवताना जिल्हा समितीपुढे पोलिसांचे कागद असतात. परीक्षेत या कलमावर पैकीच्या पैकी गुण मिळवलेला मुलगा त्या धुऱ्यावर काय करतो, हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही. ते त्याला माहीत असतं आणि त्याचा पंचनामा वाचणाऱ्या अधिकाऱ्याला माहीत असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिपाई खरं बोलणार नाही आणि ठाणेदार निःपक्ष राहणार नाही, असं म्हणतात. शिस्तीच्या खात्यात वरच्याला आवडेल तेच लिहिलं जातं, हे मला मान्य आहे. नव्या पोराला ‘टरेनिंगमधलं तठीच सोडून ये बावा, अठी कामाचं शिक’ असं सांगणारे जुने लोक ठाण्याठाण्यात असतात. त्यांच्याकडूनच प्रशिक्षणाची किंमत ठरवून घ्यायची का, हा प्रश्नही रास्त आहे. म्हणूनच दोघांना विचारायचं. शिपाई म्हणतो, ‘मला पंचनामा नीट येतो’, ठाणेदार म्हणतो, ‘येत नाही’. इथे कोणीतरी खोटं बोलतो असं समजायचं कारण नाही. कदाचित केंद्रात शिकवलेला पंचनामा आणि ठाण्यात चालत आलेला पंचनामा हे दोन वेगळे प्रकार असतील. हे अंतर किती, कुठल्या विषयात आणि कोणत्या बाजूनं, तेच तर शोधायचं आहे. एकाच बाजूला विचारलं तर ते कधीच सापडणार नाही.

शिवाय ठाणेदाराचंच म्हणणं अखेरचं मानावं, अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं बंधनकारक झालं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद त्याच संहितेच्या कलम १७६ मध्ये आली. ज्यांची उमर जुन्या दंडसंहितेची कलमं तोंडपाठ करण्यात गेली, त्यांच्या हाताखाली आज नवीच कलमं शिकून आलेली मुलं आहेत. मोबाइलवर चित्रण करून ते रीतसर जपायचं काम त्यातलं एखादं पोरगंच हवालदाराला दाखवत असेल. अशा वेळी ठाणेदाराला हेही विचारायला हवं: या मुलाकडून तुमच्या ठाण्यानं काय घेतलं?

तिसरा आक्षेप असा की दोष प्रशिक्षणाचा नाहीच. माणसं कमी, काम जास्त, दबाव वेगळाच. यात तथ्य आहे. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांना विचारून अहवाल काढला, तेव्हा त्यांच्या कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा निघाला. पण हे आपल्याला कळलं कसं? पोलिसांना विचारलं म्हणून. जो शिपाई सलग बंदोबस्तामुळे शिकलेलं वापरूच शकत नाही, त्यानं तसं लिहावं. मग केंद्राला उगाच बोल लागणार नाही आणि दोष जिथला तिथे दिसेल.

कवायत बंद करा, मुलांना माणुसकी शिकवा, असं म्हणणारा सज्जन वर्गही आहे. त्यांच्याशीही माझं जमत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल उसळली. दगड येत असताना रांग न मोडणं ही कवायतीचीच कमाई असते. मात्र मोबाइलवरची अफवा पहिल्या तासात कशी अडवायची, मोहल्ल्यातल्या कोणत्या चार माणसांना आधी फोन करायचा, हे मैदानावर शिकता येत नाही. कवायतीला किती तास आणि या कामाला किती, हे त्या दंगलींत रस्त्यावर उभं राहिलेल्यांनी सांगावं. तुम्ही-आम्ही अंदाजानं ठरवू नये.

प्रशिक्षण असं तपासण्याचा विचार परका आहे असंही कोणी म्हणू नये. अमेरिकेतल्या ग्लिन्को इथल्या संघराज्य पोलीस प्रशिक्षण केंद्रात, बाहेर पडलेले जवान आणि त्यांचे वरिष्ठ अशा दोघांना प्रश्नावली देण्याची रीत आहे, हे खरं. पण आपल्याकडे केंद्र सरकारनं १९७१ मध्ये पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली तेव्हा तिचं अध्यक्षपद एका समाजशास्त्रज्ञाला दिलं होतं: मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे. १९७३ च्या त्यांच्या अहवालात शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या प्रशिक्षणाचा विचार आहे आणि कायदा-कवायतीच्या जोडीला माणसाचं वागणं, दृष्टिकोन यांना जागा आहे. पोलिसांच्या शिक्षणाकडे बाहेरच्या अभ्यासकाच्या नजरेनं पाहायला आपण तेव्हाच सुरुवात केली होती.

तेव्हा ही पाहणी खात्यानं स्वतः करू नये. अमरावतीला संत गाडगेबाबा विद्यापीठ आहे. काम समाजशास्त्राच्या अभ्यासकांना द्यावं. फॉर्मवर नाव किंवा बक्कल नंबर नको. फॉर्म ठाण्यात भरून घेऊ नये आणि त्यातलं एक अक्षरही कोणाच्या गोपनीय अहवालात जाऊ नये. एवढी हमी नसेल तर पाहणी न केलेली बरी. प्रश्न जिल्ह्याला धरून असावेत. धारणी किंवा चिखलदऱ्याला नेमणूक असलेल्या शिपायाला विचारावं की कोरकू बाई तक्रार घेऊन आली, तर तिचं म्हणणं मराठीत उतरवायला तुम्ही कोणाला बोलावता, तिच्या नवऱ्याला की दुसऱ्या कोणाला? महिला शिपायाला विचारावं की प्रत्यक्ष तपासाचं काम तुमच्या वाट्याला किती येतं? भरती जिल्ह्याची, प्रशिक्षण मात्र जागा असेल त्या केंद्रात, त्यामुळे एकाच ठाण्यात वेगवेगळ्या केंद्रांची मुलं भेटतात. त्यांची उत्तरं केंद्रवार लावली, की कुठे काय चांगलं शिकवलं जातं हेही उघड होईल. आणि अहवाल मंत्रालयात जायचा तेव्हा जाऊ दे; त्याची पहिली प्रत आंतरवर्ग घेणाऱ्या शिक्षकांच्या हातात पडावी, पुढची तुकडी दाखल होण्याआधी.