गाडीचा मालक ठरला, दोषाचा कोण?

जुनी मोटार घेतली, पेढे वाटले आणि दुसऱ्याच महिन्यात घाट चढताना इंजिन तापून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मेकॅनिक सांगतो, हेड गॅस्केट गेले. खर्चाचा आकडा ऐकून ग्राहक डीलरकडे धाव घेतो, तेव्हा त्याच्यापुढे विक्रीची पावती धरली जाते. 'गाडी जशी आहे तशी' ही त्यावरची ओळ त्याने सही करताना वाचलेली नसते.

या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन विभागाचे अधिकारपत्र आवश्यक ठरले. मूळ मालकाने गाडी सोपवल्याची नोंद झाली की पुढच्या विक्रीपर्यंत डीलरच मानीव मालक. गाडी विकूनही दंडाच्या नोटिसा झेलणाऱ्या मूळ मालकाची यात सोय झाली. पाठोपाठ डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावरील कर सरसकट १८ टक्के करण्याची शिफारस केली. म्हणजे डीलरचे नाव आणि नफा सरकारदरबारी नोंदला जातो. इंजिन, गिअरबॉक्सची अवस्था लेखी सांगण्याची सक्ती मात्र या नियमांत नाही.

कायदा अगदीच मुका आहे, असे नव्हे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचे कलम १६ त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यावर गुणवत्तेची जबाबदारी टाकते. पण ग्राहकाने माल तपासला असेल, तर तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबाबत ती उरत नाही. डीलर 'चक्कर मारून बघा' असा आग्रह का धरतो, याचे उत्तर येथे सापडावे! पुरात बुडालेल्या गाडीचे गालिचे वाळवता येतात. वायरिंगच्या सांध्यांतील गंज काही महिन्यांनी बोलू लागतो. असा दोष दोन किलोमीटरच्या चकरेत कोणाला दिसणार? डीलरची वॉरंटीही बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सपुरतीच. क्लच, सस्पेन्शन, बॅटरी 'झिजणारे भाग' म्हणून वगळलेले.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे ही सेवेतील त्रुटी मानली. परंतु दडवले हे सिद्ध करायचे ग्राहकाने. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीत पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाल्यास तो विक्रीच्या वेळीच होता असे सर्वसाधारणपणे गृहीत धरतात. तसे नव्हते हे डीलरने दाखवायचे. आपल्याकडे हा भार उलटा झाल्याखेरीज अधिकारपत्राचा ग्राहकाला फारसा उपयोग नाही. प्रयोगशाळेच्या तपासणीची गरज असलेली तक्रार पाच महिन्यांत निकाली काढण्याची कायद्याची अपेक्षा आहे. त्या काळात गाडी दारात उभी राहते आणि कर्जाचे हप्ते चालूच असतात.

तक्रार राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही दाद मागता येते. मात्र अनेक जण घाईने दुरुस्ती उरकतात आणि पुरावाच गमावतात. गाडी उघडण्यापूर्वी डीलरला लेखी कळवावे, त्रयस्थ मेकॅनिकचा अहवाल घ्यावा आणि काढलेला भाग गॅरेजमध्ये सोडून येऊ नये.