भिंतींना पैसे, माणसांना शुभेच्छा



आपल्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आली आहे आणि विषयपत्रिकेत 'गणेशोत्सवाच्या शिलकीतून भारतात देणगी' हा विषय नेहमीप्रमाणे शेवटून दुसरा आहे. म्हणजे जेवणाच्या रांगेआधीची दहा मिनिटं. कुणाच्या गावची शाळा, कुणाच्या ओळखीचा आश्रम, एखादी खोली, एखादी कूपनलिका, दहा संगणक. टाळ्या पडतात, ठराव मंजूर होतो, सहा महिन्यांनी कोनशिलेचा फोटो येतो आणि याच वार्तापत्राच्या मागच्या पानावर छापला जातो. त्या खोलीत पुढे शिकवतं कोण, हे कधी कुणी विचारलं नाही. संगणकांचं तर विचारूच नये.

यंदा शिलक बरी आहे, म्हणून हा विषय आधीच उकरून काढतो. माझं म्हणणं असं की यावेळी भिंत नको, वस्तू नको. पैसे एखाद्या संस्थेतल्या माणसांच्या प्रशिक्षणाला आणि पगाराला द्यावेत, आणि तेही सलग तीन वर्षं.

तीनच वर्षं का, तर गडचिरोलीमुळे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि १९८६मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. पुढची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी व्याख्यानांतून ऐकली असेल. पण तिच्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. गावातल्या सुईणींना मात्र दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. एरवी आपण काय म्हटलं असतं? आधी साक्षरता वर्ग काढा, मग बघू. इथे त्यांना एक साधं यंत्र करून दिलं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. अंगठेबहाद्दर म्हणून जिला कुणी मोजत नव्हतं, ती बाई निदान करू लागली.

त्यानंतर आला नवजात बाळांचा प्रयोग. ३९ गावांतल्या, जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करण्यात आलं. बाळाला झोळीच्या काट्यावर तोलायचं, ऊब द्यायची, श्वास अडकला तर नळी आणि मास्क वापरायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली की प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. हे सगळं झोपडीत, आजीच्या डोळ्यांदेखत. निकाल 'लॅन्सेट'मध्ये डिसेंबर १९९९मध्ये आला. प्रयोगाबाहेरच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के कमी झाला, दुसऱ्या वर्षी ४९ आणि तिसऱ्या वर्षी ६२ टक्के. खर्च एका बाळामागे सव्वापाच डॉलरच्या आसपास. आपल्याकडे तेवढ्यात धड कॉफी येत नाही.

या आकड्यांची चढण नीट पाहा. पहिल्या वर्षाच्या शेवटी आपल्या मंडळासारख्या देणगीदाराने अहवाल मागवला असता तर त्याला २६ टक्के दिसले असते, आणि 'बरं झालं' म्हणून तो पुढच्या गावच्या कूपनलिकेकडे वळला असता. हात बसायला वेळ लागतो. त्या बाईवर गावाचा विश्वास बसायला तर त्याहून जास्त. खोली पहिल्याच दिवशी सर्वांत चांगल्या अवस्थेत असते आणि तिथून उतरत जाते. शिकलेल्या माणसाचं उलट आहे.

जामखेडचा दाखला याहून जुना. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे काम सुरू केलं. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, राहायचं, शिकायचं, परत जाऊन गावाला सांगायचं. १९७१मध्ये त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत होती. १९७६पर्यंत हा आकडा ५२वर आला. तेव्हा दवाखाना होताच, पण हा फरक गावोगावी राहणाऱ्या त्या बायकांनी घडवला.

माणसांच्या आरोग्याचा आणि शिक्षणाचा हिशेब जागतिक बँकेने २०१८पासून एका निर्देशांकात मांडला आहे. आज जन्मलेलं मूल पूर्ण आरोग्य आणि पूर्ण शिक्षण मिळालं असतं तर जेवढी कमाई करू शकलं असतं, त्याच्या किती हिश्श्यापर्यंत पोचेल, असा तो हिशेब. २०२०च्या यादीत भारत ०.४९. म्हणजे निम्मंसुद्धा नाही. देशाच्या प्रगतीची भाषणं करताना आपण रस्ते, विमानतळ, मेट्रो मोजतो. हा दुसरा निम्मा भाग कुणाच्या भाषणात नसतो.

आता गावातल्या बायकांच्या या कामाची दुसरी बाजू. गडचिरोलीची पद्धत पुढे देशाने उचलली. २००५मध्ये गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांची 'आशा' योजना आली आणि २०११पासून नवजात बाळाच्या घरी जाऊन देखभाल करणं हे आशाताईंचं काम ठरलं. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं, वजन, ताप, स्तनपान पाहायचं, नोंद करायची. या सगळ्याचा योजनेत ठरलेला भत्ता एका बाळामागे २५० रुपये. पगार नाही, कारण कागदोपत्री ती स्वयंसेविका. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशाताईंचा गौरव केला, सगळीकडे अभिनंदनाचा पाऊस पडला. आणि महाराष्ट्रातल्या आशाताई त्याच्या आधीही मानधनासाठी संपावर होत्या, नंतरही. बाईला कौशल्य द्यायचं आणि मोबदल्याच्या वेळी तिला सेवाभावाची आठवण करून द्यायची, ही आपली खास लकब. तिच्या मुलाची फी सेवाभावावर भरली जात नाही. माणसांवर पैसा घालायचा म्हणजे त्यांना शिकवायचं, आणि शिकलेल्या कामाचे पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडतील असंही पाहायचं. यातला दुसरा अर्धा वगळला की पहिला फार टिकत नाही.

सभेत काय आक्षेप येतील ते ठाऊक आहे. एक कायद्याचा. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आली, म्हणून पगाराला पैसे देता येत नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. नियम वाचले तर इस्पितळातल्या डॉक्टरांचे, शाळेतल्या शिक्षकांचे पगार प्रशासकीय खर्चात धरलेलेच नाहीत. नियमाआड लपायला जागा कमी आहे.

दुसरा आक्षेप खरा आहे. शिकवलेलं माणूस निघून जातं. नर्स शिकवली की ती शहरात जाते, शहरातून आखातात. खोली कुठे जात नाही. मंडळी, हा आक्षेप आपण घेणं जरा अवघडच. आपल्यातले पुष्कळ जण अशा सरकारी कॉलेजांतून शिकलो, जिथली वर्षाची फी आणि खानावळीचं दोन-तीन महिन्यांचं बिल यांत फारसा फरक नसायचा. बाकीचा खर्च कुणी केला? आणि आपण कुठे गेलो? जगदीश भगवती या मुंबईत जन्मलेल्या अर्थतज्ज्ञाने १९७०च्या दशकात, देश सोडून जाणाऱ्या शिकलेल्यांच्या परदेशातल्या कमाईवर कर लावून तो मायदेशाकडे वळवावा, अशी सूचना केली होती. तो कर कधी आला नाही. त्या वेळी ती सूचना आपल्यापैकी कुणाला आवडली नसती, आणि आताही आवडणार नाही. तेव्हा स्वखुशीने काय द्यायचं तेवढंच हातात उरतं.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलणार नाही: पगाराच्या पावतीवर मंडळाचं नाव कोरता येत नाही. ते खरंच आहे. मागचं पान रिकामं राहील, पाककृती छापू.

प्रस्ताव असा. शिलकीचे तीन भाग करून ते तीन वर्षांत, एकाच संस्थेला, ठरल्या तारखेला पाठवावेत. संस्था आरोग्यातली असावी की शिक्षणातली, हे तीन सदस्यांची समिती सुचवेल. माझा कल आरोग्याकडे आहे हे लपवत नाही. रक्कम फक्त प्रशिक्षण आणि कार्यकर्त्यांच्या पगारासाठी. वर्षातून एकदा अहवाल मागायचा, आणि पहिल्या वर्षीचे आकडे साधारण असले तरी दुसरा हप्ता थांबवायचा नाही. ही शेवटची अट ठरावात लिहूनच घ्यावी असं मी म्हणतो, कारण पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदललेली असेल.

यंदा हा विषय विषयपत्रिकेत दुसऱ्या क्रमांकावर घेण्याची विनंती अध्यक्षांना केली आहे. ज्यांना कूपनलिकाच हवी आहे त्यांनीही वेळेवर यावं, मुद्दे घेऊन यावं. जेवण नंतरच आहे.

– संपादक