विश्लेषण : सह्याद्रीचे सडे खरेच ‘पडीक’ आहेत? डोंगरावर कोणता सरडा कुठे राहणार, हे कसे ठरते?

सह्याद्रीच्या माथ्यावरचे कातळाचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात. सरकारी कागदावर अशी जागा सहज ‘पडीक’ ठरते. मात्र याच उघड्या कातळावर काही सरडे आणि पालींचे आयुष्य अवलंबून आहे.

सरड्यांना जागा एवढी महत्त्वाची का?

माणसाचे शरीर स्वतःची उष्णता तयार करते, सरडा ती बाहेरून घेतो. सकाळी उन्हात शेकायचे, अंग तापले की भक्ष्य शोधायचे, ऊन चढले की दगडाच्या फटीत शिरायचे, असा त्याचा दिवस जातो. त्यामुळे ऊन, सावली आणि लपायला फट जवळजवळ असतील तिथेच तो टिकतो. उंची वाढते तशी हवाही थंड होते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते.

एका डोंगरावर हवामान एकच नसते का?

नसते. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून घाट उतरून वाईत आले, की तो हजाराच्या आत येतो. गर्द झाडीतला खडक दुपारीही गार आणि ओलसर असतो, तर शेजारच्या सड्यावरचा कातळ पाय भाजेल इतका तापतो.

रहिवासीही तसेच वाटले गेले आहेत. निमास्पिस गटातल्या छोट्या पाली सावलीतले खडक आणि झाडांची खोडे धरून राहतात. त्यांपैकी एका प्रजातीची नोंद 2019 मध्ये कोयना परिसरातून झाली आणि तिला कोयनेचेच नाव मिळाले. साताऱ्याच्या नावाची एक पाल 2008 मध्ये शास्त्रीय नोंदीत आली.

चाळकेवाडीचा सरडा कोण?

सातारा जिल्ह्यातले चाळकेवाडीचे पठार हजार मीटरहून उंच आहे. तिथल्या सरड्याच्या नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी पडदा असतो. पावसाळ्यापूर्वी, विणीच्या हंगामात, नर दगडावर चढून हा पडदा पंख्यासारखा उघडतो. मादीला आणि प्रतिस्पर्ध्याला तो दिसायचा तर आजूबाजूला मोकळी जागा हवी. झाडीत हा खेळ चालणार नाही.

या सरड्याचे वर्णन 2016 मध्ये ‘सराडा सुपर्बा’ या नावाने झाले. यातला ‘सराडा’ म्हणजे आपला मराठी ‘सरडा’च.

पवनचक्क्यांनी काय बदलले?

चाळकेवाडीला वारा भरपूर, म्हणून तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा तिथला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. पवनचक्क्यांच्या भागात ते घटल्याने सरडे वाढले होते.

वरवर पाहता सरड्यांचे भले झाले. पण गर्दी वाढली की खाद्यासाठी स्पर्धाही वाढते. या भागातले सरडे अंगाने खंगलेले होते आणि नरांचे रंग फिके पडले होते. त्यांच्यातील ताणाचे संप्रेरक कमी होते आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. म्हणजेच संख्या वाढली, एवढ्यावरून सारे ठीक आहे असे म्हणता येत नाही.

तापमान वाढले तर सरडे वर सरकतील?

उतारावरच्या प्राण्याला तो पर्याय असतो, माथ्यावरच्याला नाही. सड्याच्या वर फक्त आकाश आहे. मेक्सिकोत 200 ठिकाणी सरड्यांची पाहणी झाली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार 1975 नंतर 12 टक्के ठिकाणांहून सरडे नाहीसे झाले होते. ऊन सरड्याला थेट मारते असे नाही. उष्णता असह्य झाली की तो अधिक तास सावलीत काढतो, भक्ष्य शोधायला वेळ उरत नाही आणि त्याचा फटका प्रजननाला बसतो.

मग अडचण कुठे आहे?

अडचण जमिनीच्या वर्गीकरणात आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात ‘उघडा खडकाळ भाग’ हा स्वतंत्र वर्ग आहे. जंगल तोडायचे म्हटले की निदान प्रश्न विचारले जातात, सड्यावर रस्ता, खाण किंवा प्रकल्प आला तर ‘तिथे होतेच काय?’ असे म्हटले जाते. पश्चिम घाटातील 56 हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवण्याचा सहावा मसुदा केंद्राने जुलै 2024 मध्ये काढला. त्यातील सुमारे 17 हजार चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे.

पवनऊर्जा नको, असा याचा अर्थ नाही. कोळशाला पर्याय हवाच. प्रश्न जागा निवडण्याचा आहे. झाडे नाहीत म्हणून जागा रिकामी, हे गृहीत धरण्याऐवजी आधी त्या सड्यावर उन्हाळा आणि पावसाळा अशा दोन्ही ऋतूंत पाहणी झाली, तर प्रकल्प कुठे उभारायचा आणि कोणता कातळ सोडायचा, हे ठरवता येईल. एकदा फोडलेला कातळ पुन्हा लावता येत नाही.