माघारीची नोंद

दरवर्षी १४ ते २० एप्रिल या सप्ताहात आपल्या व्यवसायाच्या वाट्याला जेवढी विशेषणे येतात, तेवढी उरलेल्या साऱ्या वर्षात मिळून येत नाहीत. केंद्रांच्या आवारात मानवंदना होते, पुष्पचक्रे वाहिली जातात, पाहुण्यांच्या छातीवर सेवेचे चिमुकले निशाण टाचले जाते. आणि मग जे भाषण होते त्यात बंबावर चढणारा प्रत्येक माणूस, तो काल भरती झालेला फायरमन असो की निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा तांडेल असो, सरसकट वीर ठरतो. हे ऐकताना रांगेत उभ्या असलेल्या जवानांच्या चेहऱ्यांवर जो एक सोशिक संकोच दिसतो, त्याला शब्दरूप देण्याचा अधिकार व्यवसायाच्या मासिकाला नाही तर कोणाला आहे? धोक्याचे काम चोख केले म्हणजे माणूस वीर होतो काय, या प्रश्नाला आमचे उत्तर नकारार्थी आहे. ते आम्ही कोणाच्याही स्मृतीचा अवमान न करता, किंबहुना त्या स्मृतीची बूज राखण्यासाठीच देत आहोत.

ज्या घटनेच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळला जातो, तिच्याकडेच प्रथम पाहू. १२ एप्रिल १९४४ रोजी कराचीहून येऊन मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या मालवाहू जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता, कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या, तेलाची पिंपे होती आणि बंदोबस्तात ठेवलेल्या सोन्याच्या विटाही होत्या. कापूस आणि स्फोटके एकाच कोठारात वरखाली रचण्यात आली होती, आणि असला माल वाहणाऱ्या जहाजाने जो लाल बावटा चढवावयाचा तो चढविलेला नव्हता. १४ तारखेच्या दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर निघू लागला तेव्हा आलेल्या जवानांनी जे करावयाचे ते केले: नळ लावले, कोठारात पाणी सोडले आणि सोडीत राहिले. जहाज जागच्या जागी बुडवावे, की ओढून भर समुद्रात न्यावे, की पाण्याचा मारा तसाच चालू ठेवावा, याविषयी कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्करी दारूगोळ्याचे जाणकार आणि अग्निशमन दल यांचा खल चालू होता, आणि या सर्वांवर ज्याचा हुकूम चालावा असा एकही अधिकारी त्या धक्क्यावर नव्हता. इकडे पाणी चढत गेले तसतशा पेटलेल्या गासड्या त्या पाण्यावर तरंगत वरच्या स्फोटकांकडे सरकू लागल्या. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. ६६ अग्निशामक गेले. शेकडो गोदी कामगार आणि नागरिकही गेले. त्यांच्या नावे कोणी सप्ताह पाळीत नाही, हे जाता जाता नमूद करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही, कारण स्फोटकांच्या पेट्या पाठीवर वाहणाऱ्या हमालाचे काम नळ धरणाऱ्याच्या कामापेक्षा कमी धोक्याचे होते असे म्हणता येणार नाही.

या ६६ जणांना आपण वीर म्हणतो. तसे म्हणताना एक गोष्ट मात्र हळूच दृष्टीआड होते, आणि ती त्या माणसांच्या गुणांविषयी नसून इतरांच्या कर्तव्याविषयी आहे. बावटा न लावण्याचा निर्णय कोणाचा, कापूस आणि दारूगोळा एकत्र रचू देण्यास अनुमती कोणाची, दोन तासांच्या अवधीत एकमुखी हुकूम का निघाला नाही, हे सर्व प्रश्न दप्तराचे आहेत, आणि दप्तराच्या प्रश्नांना शौर्यगाथेत जागा नसते. जवानाला वीरपद बहाल केले की त्याचा मृत्यू त्याच्या स्वभावातून उद्भवल्यासारखा भासू लागतो. तो कोणाच्या तरी हयगयीतून उद्भवला होता, ही हकीकत मागे पडते. मानपत्र देणाऱ्यांचा यात काही कपटभाव असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु मानपत्र स्वस्त असते आणि चौकशी महाग पडते, हे शासनव्यवहाराचे सत्य जाणण्यास फार मोठ्या अनुभवाची गरज नाही.

आता कामाविषयी. आपल्या कामात चोख म्हणजे काय, हे भाषणांतून कधीच सांगितले जात नाही, कारण ते सांगू लागल्यास श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहण्याऐवजी त्यांना अंकगणिताच्या तासाला बसल्यासारखे वाटेल. समजा, धुराने भरलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दोघांची जोडी श्वसनसंच बांधून निघाली आहे. सहा लिटरचा सिलिंडर, आत शिरतानाचा दाब २९० बार. दारावरच्या नियंत्रकाने दोघांच्या नावांचे बिल्ले फळ्यावर अडकवून वेळ आणि दाब लिहून घेतले आहेत. होज ओढीत, भिंतीचा हात न सोडता, जिने चढून आगीपर्यंत पोहोचण्यात ८० बार खर्ची पडले. काटा २१० वर आला. परतीलाही तेवढेच लागणार, आणि हवा संपत आल्याची शिट्टी सुमारे ५५ बारला वाजते, म्हणून ती वाजण्यापूर्वी बाहेर असावयाचे तर काटा १४० वर येताच पाठ फिरविली पाहिजे. म्हणजे प्रत्यक्ष आगीसमोर उभे राहण्यास उरले ७० बार, म्हणजे ढोबळ मानाने ४२० लिटर हवा. आणि कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला साठ लिटर सहज ओढतो. सात मिनिटे! या सात मिनिटांसाठी सारी कवायत, सारी यंत्रसामग्री, सारा पगार. जो जवान आठव्या मिनिटाला, ज्वाळा अगदी आटोक्यात येत आहेत असे दिसत असताना, जोडीदाराच्या खांद्यावर थाप मारून मागे वळतो, तो आमच्या मते आपल्या व्यवसायाचा सर्वोत्तम कारागीर होय. आणि त्याच्या या वळण्याला टाळी पडल्याचे आम्ही आजवर ऐकलेले नाही. उलट जो शिट्टी वाजू लागली तरी नोझल सोडीत नाही आणि शेवटी दुसऱ्यांच्या खांद्यावरून बाहेर येतो, त्याचे छायाचित्र सकाळच्या वर्तमानपत्रात असते. त्याला बाहेर आणण्यासाठी जे दोघे आपले सात मिनिटांचे भांडवल मोडून आत गेले, त्यांचा उल्लेख बातमीच्या शेवटीही नसतो.

परत फिरणे ज्याच्या त्याच्यापुरते असते तेव्हा ते निदान काट्यावर तरी वाचता येते. इतरांना परत फिरविणे याहून कितीतरी कठीण. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वुस्टर गावी ३ डिसेंबर १९९९ रोजी एका ओसाड पडलेल्या शीतगृहाला आग लागली. सहा मजली, जवळजवळ बिनखिडक्यांची, आतून बुचाच्या आणि फेसाळ प्लॅस्टिकच्या थरांनी मढविलेली ती इमारत. निराश्रित जोडपे तेथे राहते, ते आत असावे, अशी बातमी मिळाल्यावरून जवान शोधासाठी चढले. त्यांपैकी दोघे धुरात वाट चुकले आणि त्यांनी बिनतारी यंत्रावरून मदत मागितली. त्यांच्या शोधार्थ गेलेले आणखी चौघे परतले नाहीत. खाली जिन्याच्या तोंडाशी डिस्ट्रिक्ट चीफ मायकेल मॅकनामी उभे होते आणि त्यांच्यासमोर आणखी जवान आत धावण्यासाठी उतावीळ झाले होते, कारण हरवलेले सहाही जण त्यांचे रोजच्या जेवणाचे सोबती होते. मॅकनामी जिना अडवून उभे राहिले आणि त्यांनी एकासही वर जाऊ दिले नाही. पुढे निष्पन्न झाले ते असे, की हातून मेणबत्ती कलंडून आग लागल्यानंतर ते जोडपे केव्हाच निघून गेले होते. ज्यांच्यासाठी सहा माणसे गेली ती माणसे आत नव्हतीच.

त्या क्षणी जिन्याशी उभे राहणे म्हणजे आपल्याच माणसांना मरणाच्या स्वाधीन करणे, असा अर्थ कोणीही लावू शकला असता, आणि तो अर्थ लावला जाईल हे पूर्ण जाणून त्या अधिकाऱ्याने तसे केले. या कृत्याला काय नाव द्यावे, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. आमच्यापुरते आम्ही एवढेच म्हणू, की ज्या सेवेत असे अधिकारी घडतात तिला वीर मागविण्याची गरज क्वचित पडते.

तर मग शौर्य म्हणून काही उरतच नाही काय, असा आक्षेप काही वाचक घेतील, आणि तो रास्त आहे. उरते. सारा हिशेब मांडून झाला आहे, धोका किती हे नेमके ठाऊक आहे, माघारीचा हुकूम नाही आणि पुढे जाण्याचीही सक्ती नाही, अशा ठिकाणी कोणी परक्याच्या मुलासाठी स्वखुशीने पाऊल टाकतो तेव्हा ते शौर्यच होय, आणि त्यापुढे आमची लेखणी नमते. ज्ञान आणि निवड या दोहोंवाचून मात्र ते शौर्य नव्हे. ती एकतर अनभिज्ञता असते किंवा नाइलाज. शासनानेही शौर्यासाठीचे पदक निराळे आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठीचे निराळे ठेवले आहे. हा भेद करणारा कारकून आपल्या सप्ताहातील वक्त्यांपेक्षा अधिक विवेकी होता, असे म्हणावे लागेल.

९ मे २०१५ रोजी काळबादेवी येथील गोकुळ निवास या इमारतीला लागलेल्या आगीत इमारत कोसळून मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले; दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हेही त्यांत होते. अनुभवाची उणीव हे कारण त्या चौघांच्या बाबतीत कोणीही पुढे करू शकणार नाही. त्यांच्या धैर्याविषयी त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण दाटीवाटीच्या वस्तीतील जुन्या इमारतीत आग मुरली असता कोसळण्याची चिन्हे कोणती मानावयाची, कोणत्या क्षणापासून ती इमारत गेली असे समजून सर्वांनी तिच्या उंचीएवढे तरी दूर व्हावयाचे, आणि तो क्षण जाहीर करण्याचा अधिकार कोणाला, यांवर केंद्राकेंद्रांतून जेवढा काथ्याकूट व्हावयास हवा होता तेवढा झाला असे आम्हांस वाटत नाही. हुतात्म्याच्या तसबिरीसमोर उभे राहून असले प्रश्न विचारणे अशिष्ट समजले जाते. त्या चौघांपैकी कोणी आज हयात असता तर पहिल्याच वर्गात हेच प्रश्न फळ्यावर लिहिता झाला असता, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

वीरपदाचा आणखी एक तोटा आहे, तो शरीराचा. वीराला दमा होत नाही, त्याचे हृदय थकत नाही, त्याला कर्करोगाची तपासणी नको असते. प्रत्यक्षात अमेरिकेतील नोंदी सांगतात की तेथे कामावर असताना मरण पावणाऱ्या अग्निशामकांपैकी निम्म्याच्या जवळपास हृदयविकाराने जातात; आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातला आहे. काजळी लागलेला गणवेश न धुता तसाच खुंटीला टांगण्यात जी मर्दुमकी मानली जाते, ती आता तरी बंद व्हावी. धुण्याचे यंत्र आणि बदलीचा दुसरा गणवेश ही मागणी मानपत्रापेक्षा अधिक नेटाने करण्याजोगी आहे, परंतु ती करणारा माणूस वीरासारखा दिसत नाही, एवढीच काय ती अडचण.

आणि आग विझविण्यापेक्षा ती लागू न देणे श्रेष्ठ, हे तर आपल्या व्यवसायाचे आद्य वचन. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने जानेवारी आणि जुलै महिन्यांत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे अशी तरतूद केली आहे. ते प्रमाणपत्र खरे आहे की केवळ सहीशिक्क्याचे, याची खातरजमा करण्यासाठी जिन्याखालची पंपाची खोली उघडवून, झडप हाताने फिरवून पाहणारा अधिकारी किती जीव वाचवितो याची गणती कोणालाच करता येणार नाही, कारण न लागलेल्या आगीची वर्दी येत नसते. तीच गोष्ट मांज्यात अडकलेल्या कावळ्याच्या वर्दीची. शिडी लावून, दोराशी खटपट करून, चोच चुकवीत तो कावळा सोडविणाऱ्या जवानाची थट्टा होते. पण उंचीवर तोल सांभाळून दोन्ही हातांनी सूक्ष्म काम करण्याचा असा सराव कोणत्या कवायतीत मिळतो, ते थट्टा करणाऱ्यांनी सांगावे.

या सर्व विचाराचा व्यावहारिक परिणाम म्हणून पुढील अंकापासून ‘माघार’ या नावाचे एक सदर सुरू करण्याचे आम्ही योजिले आहे. ज्या वर्दीवर आपण किंवा आपल्या अधिकाऱ्याने परत फिरण्याचा निर्णय घेतला, तिची हकीकत वाचकांनी पाठवावी: वर्दीची वेळ, बांधकामाचा प्रकार, आत शिरतानाचा आणि वळतानाचा दाब, कोणते चिन्ह पाहून वळलो, हुकूम कोणी दिला, आणि केंद्रावर परतल्यावर सहकारी काय बोलले. निर्णय चुकीचा ठरला असल्यास तीही हकीकत यावी. तिची आम्हांस अधिक गरज आहे. लेखकाचे आणि केंद्राचे नाव छापले जाणार नाही व कोणत्याही वरिष्ठ कार्यालयास कळविले जाणार नाही. मजकूर कागदाच्या एका बाजूस लिहिलेला असावा आणि १० मेपर्यंत आमच्या हाती पडावा. विशेषणे आढळल्यास ती गाळली जातील; दाबमापकावरचे आकडे मात्र जसेच्या तसे छापू.