बिनसाखरेचे स्कोन आणि मामांची शुगर

जानेवारीच्या शेवटी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बायको आणि सुनेला घेऊन तपासणीला आले. पूर्णा हे जंक्शनचं गाव, त्यामुळे माझ्याकडे असे रेल्वेवाले बरेच येतात. त्यांचं एचबीएवनसी ऑगस्टमध्ये ७.२ होतं, आता ८.४ आलं. मी रिपोर्टवरून मान वर करायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "हिनं घरात बेकरी लावलीय ना, त्याचंच हे." सून रडवेली झाली. "डॉक्टर, मामांच्या स्कोनमध्ये मी साखरेचा कणही घातला नव्हता. नुसते बेदाणे, अंजीर आणि कणीक."

तुमच्याही घरात यू-ट्यूब आणि नवा ओव्हन आला असेल, तर हे वाद ओळखीचे वाटतील.

स्कोन म्हणजे केक आणि नानखटाई यांच्या मधला एक ब्रिटिश प्रकार, चहाबरोबर खायचा. आपण शंकरपाळ्यात कडकडीत मोहन घालतो, यात मात्र थंडगार लोणी पिठात बोटांनी चोळायचं असतं. ते विरघळलं तर स्कोन दगड होतो. त्यामुळे मराठवाड्यात हा उद्योग करायचा तर डिसेंबर-जानेवारीतच. मे महिन्यात लोणी वाटीतच पाघळतं.

आता हिशोब. तिच्या आठ स्कोनमध्ये २५० ग्रॅम पीठ (अर्धी कणीक, अर्धा मैदा), १०० ग्रॅम सुका मेवा, ६० ग्रॅम लोणी आणि थोडं दूध. पिठातून साधारण १७५ ग्रॅम कर्बोदके येतात, मेव्यातून ७५ च्या आसपास, दुधातून सात-आठ. म्हणजे एका स्कोनमध्ये ३२ ग्रॅम. मूळ कृतीतली ४० ग्रॅम साखर घातली असती तर ३७ झाली असती. साखर काढून वाचले ते एवढेच पाच ग्रॅम. बेदाणा म्हणजे पाणी उडालेलं द्राक्ष. तासगावचा असो की अफगाणिस्तानचा, वजनाच्या निम्म्याहून जास्त त्यात साखरच असते. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तरी रक्ताला फारसा फरक कळत नाही.

पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही साधारण तेवढीच कर्बोदके असतात. म्हणजे एक स्कोन म्हणजे एक भाकरी. मी मामांना विचारलं, दिवसात किती? सकाळच्या चहाला दोन, संध्याकाळी दोन. "शुगर-फ्रीच आहेत म्हणून." म्हणजे जेवणातल्या भाकऱ्या तशाच ठेवून वर चार भाकऱ्या, त्याही भाजी-वरणाशिवाय.

पण सगळा दोष स्कोनवर टाकणंही मला पटत नाही. एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. त्या काळात हुरडाही झाला, संक्रांतीचा तिळगूळही झाला, आणि थंडीमुळे मामांचं पहाटेचं फिरणं डिसेंबरातच बंद पडलं होतं. परभणीची थंडी काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. हिवाळ्यात मधुमेहींची साखर थोडी वर जाते हे अनेक देशांत दिसलं आहे. सुनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी सासूबाईंनी तिळाच्या लाडवांचा डबाही आठवायला हवा होता. (हे मी बोललो. चेहरा बघण्यासारखा झाला होता.)

अशा वेळी "बेकरीचं एकदम बंद" असं सांगून मोकळं होणं डॉक्टरला सोपं असतं. मला ते चुकीचं वाटतं. घरी बंद केलं की माणूस स्टेशनाजवळ जाऊन खारी खातो, आणि त्यात कोणतं तूप आहे हे कुणाला माहीत? घरच्या स्कोनमध्ये निदान डालडा नाही, लोणी मोजून आहे, एका नगात साडेसात ग्रॅम. तेव्हा करा, पण त्याची गणना भाकरीत करा. संध्याकाळी एक स्कोन खाल्ला तर रात्री एक भाकरी कमी. मेवा १०० ऐवजी ४० ग्रॅम पुरतो, बारीक चिरला की प्रत्येक घासात येतो. पिठातला थोडा भाग ज्वारीचा घेतलात तर चालेल, स्कोन जरा भुसभुशीत होईल. पण ज्वारी घातली म्हणून दोन खायची सोय होत नाही.

रक्तदाब असलेल्यांसाठी एक गोष्ट. पाच ग्रॅम खायच्या सोड्यात सव्वा ग्रॅमहून जास्त सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात ते दोन ग्रॅमपेक्षा कमी असावं. सोडा किंवा बेकिंग पावडर सपाट चमच्याने मोजा, आणि विकतचं खारट बटर वापरलंत तर वरून मीठ घालू नका. थंडीत रक्तदाब तसाही चढतो.

जे इन्सुलिन घेतात त्यांनी मात्र भाकरीची अदलाबदल स्वतःच्या मनाने करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं.

मामांची गोळी मी लगेच वाढवली नाही. ऊन पडल्यावर, नऊ वाजता का होईना, फिरायला जा म्हणालो. आणि सुनेला सांगितलं की स्कोन खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा आणि भाकरी खाल्ल्यावर दोन तासांनी एकदा, घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा घेऊन वहीत लिहा. वही एप्रिलमध्ये बघू. तोवर इकडे लोणी पाघळायला लागलेलं असेल.