विष कोणाचे, भोगणार कोण?

"पीक हिरवेगार उभे आहे, कणीस भरले आहे; मग जमिनीत विष आहे हे ओळखायचे कशावरून?" गेवराईच्या बैठकीत हा प्रश्न निघाला. प्रश्न साधा, पण उत्तर बोचणारे आहे: पिकाकडे पाहून ते ओळखता येत नाही. धोका नेमका तिथेच आहे.

कॅडमियम, शिसे, पारा हे जड धातू. त्यांत कॅडमियम सगळ्यांत लबाड. तो जस्तासारखाच वागतो आणि जस्ताच्याच वाटेने मुळात शिरतो. झाडाला पळून जाता येत नाही, म्हणून ते आपल्या परीने बंदोबस्त करते. पेशीत गंधक असलेल्या छोट्या साखळ्या तयार होतात, धातूला बांधतात आणि त्याला पेशीतल्या कप्प्यात कोंडतात. वनस्पतींमधल्या या साखळ्या १९८५ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ओळखल्या. घरात निघालेला साप डालग्याखाली झाकावा, तसाच हा प्रकार. झाड वाचते, पण झाकलेला साप मेलेला नसतो. बहुतेक पिकांत तो मुळात जास्त अडतो, पानाधाटात कमी जातो, दाण्यात आणखी कमी. कापसाचा धागा कोणी खात नाही. पण कडबा बैल खातो, सरकीची पेंड म्हैस खाते, दाणा आपण खातो. माणसाच्या मूत्रपिंडात गेलेला कॅडमियम दहा-वीस वर्षे हलत नाही.

जपानात तोयामा भागात खाणीचे पाणी जिंझू नदीत गेले, नदीचे पाणी भातात गेले. भात पिकत राहिला. तो खाणाऱ्यांची, विशेषतः लेकुरवाळ्या बायांची, हाडे ठिसूळ झाली. त्या रोगाचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. हा रोग प्रदूषणामुळे झाला, हे सरकारने मान्य केले ते १९६८ साली.

आम्ही कोणाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. आपली काळी जमीन चुनखडीची, विम्लधर्मी आणि चिकणमातीची आहे. ती असे धातू धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही. ही निसर्गाची देणगी. पण धरून ठेवणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. औषधाचा अंश काही वर्षांत विरतो, धातू विरत नाही. जमिनीत जे येते ते साठतच जाते.

येते कुठून? स्फुरदाची खते ज्या खडकापासून बनतात, त्या खडकातच कमी-जास्त कॅडमियम असतो. युरोपने २०२२ पासून अशा खतांत एक किलो स्फुरदामागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आम्ही पाहिलेल्या पोत्यांवर नत्र, स्फुरद, पालाश यांचे आकडे आहेत, कॅडमियमचा नाही. दुसरी वाट शहरी कचऱ्याच्या खताची. आपल्या खत नियंत्रण आदेशात त्याला किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. मर्यादा कागदावर आहे, पण गावात ट्रॉली रिकामी होते तेव्हा तपासणीचा कागद कोण मागतो? तिसरी वाट पाण्याची. नाथसागराचा उजवा कालवा आपल्या तालुक्यातून जातो, आणि धरणाच्या वरच्या अंगाला शहरेही आहेत, कारखानेही आहेत.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. त्यांत जस्त आहे, लोह आहे. कॅडमियम नाही, शिसे नाही. ज्याचे मोजमापच नाही, त्याची जबाबदारी कोणावर? आज कोणावरच नाही. उद्या एखाद्या बाजारात माल नाकारला गेला, तर मात्र बोट शेतकऱ्याकडेच दाखवले जाईल. खडक आमचा नाही, कारखाना आमचा नाही, कचरा आमचा नाही; नुकसान तेवढे आमचे!

म्हणून आमच्या मागण्या तीन. खताच्या पोत्यावर कॅडमियमचा आकडा छापा. कचराखताच्या प्रत्येक खेपेबरोबर तपासणीचा दाखला द्या. कालव्याच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

आणि आपल्या हातातले तीन. माती तपासल्याशिवाय सवयीने स्फुरद टाकू नका. जस्ताची कमतरता निघाली तर ती भरून काढा. जस्त कमी पडले की पीक कॅडमियम जास्त ओढते. शेणखत सोडू नका, आणि दाखल्याशिवाय कचराखताची ट्रॉली, फुकट मिळाली तरी, बांधाच्या आत घेऊ नका. जमीन हेच आपले एकमेव भांडवल. एकदा नासली, तर ती कोणतीही कर्जमाफी परत आणून देणार नाही.